रानातून आलेला आवाज

आज आमच्या खेड्यांत घरोघरी दूरचित्रवाणी आहे, आणि मुलांच्या खिशातील यंत्रातून साऱ्या जगाचे संगीत ऐकू येते. एखाद्या आवाजासाठी दारे लावून, रेडिओचा स्वर अगदी बारीक करून बसणे म्हणजे काय, हे त्यांना सांगूनही समजणे कठीण. परंतु गोव्याने असे दिवस पाहिले आहेत.

१९४६ साली पोर्तुगीज सरकारने पणजीत ‘एमिसोरा द गोवा’ हे नभोवाणी केंद्र सुरू केले. गाणीबजावणी पुष्कळ असे. बातम्या मात्र सरकारला रुचतील तेवढ्याच. त्याच वर्षी १८ जून रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावच्या सभेत बोलावयास उठले आणि त्यांना अटक झाली. राज्यकर्त्यांविरुद्ध उघडपणे बोलण्याची सोय गोव्यात नव्हती, छापण्याचीही नव्हती.

पेडणे तालुक्याने या अन्यायाची झळ जवळून अनुभवली. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकविला. पुढच्या वर्षी त्याच दिवशी पत्रादेवीच्या सीमेवर कर्नैलसिंग यांनी छातीवर गोळी झेलली. निःशस्त्र माणसांचे इतके रक्त सांडल्यावर भारत सरकारने सत्याग्रहींना सरहद्द ओलांडण्यास मनाई केली. आता गोव्यात पाऊल टाकणे शक्य नव्हते. शब्द तेवढा जाऊ शकत होता.

तो शब्द पोहोचविण्याचे काम दोन तरुणांनी अंगावर घेतले. एक श्री. वामन सरदेसाई, दुसऱ्या कुमारी लिबिया लोबो. कु. लोबो या ख्रिस्ती घरातील, मुंबईत कायद्याचे शिक्षण घेतलेल्या. दादरा व नगरहवेली १९५४ साली मुक्त झाली, तेव्हा हाती लागलेल्या बिनतारी यंत्रांत फेरफार करून प्रक्षेपक तयार करण्यात आला. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी पेडण्यास लागून असलेल्या सावंतवाडी तालुक्यातील आंबोलीच्या अरण्यातून पहिला कार्यक्रम झाला. पोर्तुगीज भाषेत त्याचे नाव ‘व्होज द लिबर्दाद’, आणि कोंकणीत ‘सोडवणेचो आवाज’. पुढे हे ठाणे कॅसलरॉकच्या रानात हलले.

या लघुलहरी आकाशातील उंच थरांवर आदळून पुन्हा खाली येतात. त्यामुळे डोंगर त्यांना अडवीत नाहीत, आणि जकातनाक्यावरचा शिपाईही त्यांची झडती घेऊ शकत नाही. पणजीचे केंद्र जे दडवी, ते रानातले केंद्र सांगे. रेडिओ थोड्यांच्याच घरी होते. पण ऐकलेली वार्ता कुजबुजत पुढे जाई.

वाचकहो, हे काम काही आठवड्यांचे नव्हते. आंबोलीचा पाऊस, जळवा, श्वापदांचे भय आणि आप्तांपासून ताटातूट, हे सारे त्या दोघांनी सहा वर्षे सोसले. ज्यांच्यासाठी बोलायचे त्यांचे तोंड दिसत नसे, आणि आपले बोलणे कोणी ऐकले की नाही, हेही त्या दिवशी कळत नसे. तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलायचे!

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तेव्हा हे दोघे विमानात बसले आणि गोव्यावरून फिरत त्यांनी ध्वनिवर्धकावरून ती वार्ता कोंकणी व पोर्तुगीज भाषांत लोकांस सांगितली. इतकी वर्षे रानात लपलेला आवाज त्या दिवशी उघड्या आकाशातून आला. पुढे दोघे विवाहबद्ध झाले. जानेवारी १९६२ मध्ये पणजीत आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. वामनरावांस १९९२ साली पद्मश्री मिळाली. लिबियाबाईंस मात्र तो मान २०२५ साली, वयाची शंभर वर्षे पूर्ण झाल्यावर मिळाला.

पेडणे व डिचोलीच्या आमच्या कुटुंबांस एक विनंती आहे. तो आवाज ऐकलेले कोणी वडीलधारे माणूस आपल्या घरी असेल, तर आज रात्रीच्या प्रार्थनेनंतर दूरचित्रवाणी थोडा वेळ बंद ठेवावी, आणि मुलांना जवळ बसवून त्यांच्या तोंडून ती हकीकत ऐकावी. ती लिहूनही ठेवावी, कारण असे ऐकणारे आता फार थोडे उरले आहेत.