पोटगी लेकराची, भांडण मोठ्यांचं

"महिन्यातले दहा दिवस पोरगी माझ्याकडेच असते ना, मग पूर्ण पैसे कसले मागतेस?" वेगळ्या झालेल्या नवरा-बायकोंत हे वाक्य हमखास ऐकू येतं. पलीकडचं उत्तरही ठरलेलं, "पैसे नाहीत, तर भेटही नाही!"

मैत्रिणींनो, गाडं अडतं ते इथेच. कायद्याने या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पोटगी थकली म्हणून आपल्या मनाने भेट बंद करता येत नाही आणि भेट झाली नाही म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही. हा पैसा आईचा नाहीच, लेकराचा आहे. घटस्फोटाच्या घाईत 'मला काही नको' असं कुणी लिहून दिलं, तरी मुलाचा हक्क त्याने बुडत नाही.

समजा, आई बार्शीला माहेरी आहे, वडील सोलापुरात नोकरीला. मुलगी शनिवार-रविवार आणि मे महिन्याची सुट्टी वडिलांकडे घालवते. तेवढ्या दिवसांचं खाणंपिणं ते करतात, हे खरं. पण शाळेची फी, रिक्षावाल्या काकांचे पैसे, क्लास, गणवेश, घरभाडं काही शनिवारी थांबत नाही. नुसते दिवस मोजून भागाकार केला, तर हिशेब चुकणारच. आपल्या कायद्यात असा दिवसांचा ठरलेला तक्ताही नाही. कोर्ट मुलाच्या गरजा बघतं आणि दोघांची कमाई. आई कमावती असेल तर तिनेही मिळकतीच्या प्रमाणात वाटा उचलावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका निकालात म्हटलं. नोकरदार मैत्रिणींना हे कडू लागेल. मला मात्र ते रास्त वाटतं.

"अहो, पण तो पगारच लपवतो!" त्यावरही उपाय आहे. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून 'बघू पुढे' म्हणत अर्ज लांबवू नये. पूर्वीचं कलम १२५ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालंय. अर्ज आपण राहतो तिथल्या कोर्टात करता येतो, सासरच्या गावी खेटे घालायला नकोत. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बायकांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

तरी कोर्टात वर्षानुवर्षं भांडण्यापेक्षा मध्यस्थी बरी. कुटुंब न्यायालयात समुपदेशक असतात. तिथे समेट झाला तर मोघम काही ठेवू नका. दवाखान्याचा मोठा खर्च कोणी करायचा, फी शाळेत थेट कोण भरणार, दरवर्षी रक्कम किती वाढणार, दिवाळी कुणाकडे, सारं बारीकसारीक लिहून त्यावर कोर्टाचा हुकूम घ्या. पैसे रोख न घेता बँकेतच घ्या, म्हणजे 'दिले होते' हा वाद उरत नाही. आणि कलम १४४ खालची पोटगी थकली, तर वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत करायचा असतो.