हिरडा शिसे बांधतो, पण कुठे?

फाल्गुन सरत आला की जुन्नरच्या पश्चिमेला कुकडी आणि मीनेच्या खोऱ्यांत, तसेच आंबेगावच्या आहुपे खोऱ्यात माणसे हिरड्याच्या झाडांवर चढलेली दिसू लागतात. फळ पिकायच्या आधी, आतली आठळी कठीण व्हायच्या आधीच ते उतरवायचे, अंगणात पसरायचे आणि काळे, ठणठणीत होईपर्यंत उन्हात वाळवायचे. हाच बाळहिरडा. भाताच्या शेतीवर जेमतेम वर्ष काढणाऱ्या महादेव कोळी कुटुंबांच्या हाती उन्हाळ्यात रोख पैसा येतो तो यातून. व्यापारी घेतात, आदिवासी विकास महामंडळानेही खरेदी केली आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या डोंगरांवरून गेले तेव्हा हिरड्याची जुनी झाडे मुळासकट आडवी झाली आणि नुकसानभरपाईसाठी शेतकऱ्यांना आंदोलने करावी लागली. आंब्याचे झाड पडले की बातमी होते, हिरड्याचे पडले की पंचनाम्याला रकाना सापडत नाही.

हा हिरडा औषधी असतो हे सगळ्यांना माहीत आहे. खोकला, पोट, त्रिफळा, इथपर्यंत गाडी जाते. गेल्या काही वर्षांत मात्र त्याच्यातली रसायने वेगळ्याच संदर्भात वाचायला मिळतात. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, पारा अशा जड धातूंची विषबाधा झाल्यावर शरीरात जो दाह पेटतो, तो वनस्पतिजन्य रसायनांनी विझवता येईल का, असा तो प्रश्न आहे. हिरड्यातले गॅलिक आम्ल, एलॅजिक आम्ल, चेब्युलॅजिक आम्ल, हळदीतले कर्क्युमिन, कांद्यातले क्वर्सेटिन ही यातली ठळक नावे.

हिरड्याकडे लक्ष का जावे, हे घरच्या घरी पाहता येते. चमचाभर हिरड्याची पूड गरम पाण्यात भिजवा आणि गाळून घ्या. पिवळसर तपकिरी पाणी मिळेल. त्यात एक गंजका खिळा टाकून ठेवा. काही वेळाने खिळ्याभोवती निळसर काळे ढग दिसतात आणि हळूहळू सगळे पाणी शाईसारखे होते. (हे पाणी पिण्यासाठी नाही.) हिरडा आणि हिराकस (लोहाचे लवण) यांपासून शाई व्हायची, कापडावर काळा रंग चढायचा, तो याच गुणाने. वाळलेल्या हिरड्याच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा टॅनिन असते. टॅनिनच्या रेणूवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या शेजारी शेजारी बसलेल्या असतात आणि त्या धातूचा अणू दोन बाजूंनी धरतात. लोखंड धरतात तसे शिसेही धरतात. काचेच्या चंचुपात्रात हे निर्विवाद घडते. माणूस म्हणजे चंचुपात्र नव्हे, आणि पुढची सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

शिसे शरीरात शिरते ते कॅल्शियमचे सोंग घेऊन. रक्तातले शिसे साधारण महिनाभरात निम्मे होते, पण तोवर त्यातले बरेचसे हाडांत मुदत ठेवीसारखे जमा झालेले असते. हाडातले निम्मे व्हायला वीसेक वर्षे लागतात आणि गरोदरपणात किंवा म्हातारपणी हाडे झिजू लागली की ती ठेव मोडून पुन्हा रक्तात येते. हिमोग्लोबिन घडवणाऱ्या साखळीत एक विकर जस्ताच्या आधाराने काम करते. शिसे त्या जस्ताला हुसकावून लावते, म्हणून विषबाधेत रक्त कमी होते. पेशीतले ग्लुटाथायोन हे संरक्षक रसायनही धातूंच्या तावडीत सापडते, आणि मग ऑक्सिजनचे आक्रमक रेणू मोकाट सुटतात.

इथे दाह येतो. पेशीत एनएफ-कप्पा-बी नावाचा प्रथिनांचा एक संच एरवी निपचित बांधून ठेवलेला असतो. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ साली तो शोधला. धोक्याची खूण मिळाली की तो सुटतो, केंद्रकात शिरतो आणि दाह वाढवणाऱ्या जनुकांना कामाला लावतो. जंतू आला असेल तर हे योग्यच. पण शिसे महिनोन्‌महिने ठाण मांडून बसते, आणि तितके दिवस ही यंत्रणाही चालू राहते. मूत्रपिंड, यकृत, रक्तवाहिन्या आणि मुलांचा वाढता मेंदू यांची झीज होते त्यात या दाहाचा वाटा आहे.

आजचे उपचार धातू बाहेर काढण्याचे आहेत. डायमरकॅप्रॉल हे दुसऱ्या महायुद्धात विषारी वायूवर उतारा म्हणून ऑक्सफर्डमध्ये तयार झालेले औषध. पुढे ईडीटीए, पेनिसिलामाइन आणि तोंडाने घेता येणारे सक्सिमर आले. ही औषधे धातूला पकडून लघवीवाटे बाहेर नेतात आणि तीव्र विषबाधेत जीव वाचवतात. पण २००१ साली अमेरिकेत ७८० मुलांवरच्या चाचणीचा निकाल आला, तो विचार करायला लावणारा होता. मध्यम पातळीचे शिसे असलेल्या या मुलांना सक्सिमर दिल्यावर रक्तातले शिसे उतरले, बुद्धीच्या चाचण्यांतले गुण मात्र सुधारले नाहीत. धातू काढला तरी झालेली हानी भरून निघाली नव्हती. म्हणूनच धातू काढण्याबरोबर दाहही शमवणाऱ्या जोड-औषधाचा शोध चालू आहे.

वनस्पतिजन्य रसायने या कामाला कागदावर अगदी चपखल बसतात. ती धातू धरतात, आक्रमक ऑक्सिजन निष्प्रभ करतात आणि एनएफ-कप्पा-बीला लगाम घालतात. उंदरांवरच्या प्रयोगांचा तर ढीग आहे. पाण्यातून शिशाचे लवण पाजायचे, सोबत गॅलिक आम्ल किंवा कर्क्युमिन द्यायचे आणि शेवटी यकृत-मूत्रपिंड तपासायचे. निकाल बहुतेक वेळा चांगला येतो. पण यातल्या पुष्कळ प्रयोगांत विष आणि औषध एकाच वेळी सुरू होते. त्यामुळे आतड्यातच दोघांची गाठ पडते आणि विष रक्तात कमी उतरते. वर्षानुवर्षे बॅटरीच्या भट्टीवर काम करून मग दवाखान्यात येणाऱ्या माणसाची गोष्ट तशी नसते. या एका कारणाने मी असल्या शोधनिबंधांचे मथळे अर्ध्या किमतीला घेतो.

माणसांवरचे पुरावे थोडे आहेत, पण आहेत. इराणमध्ये मोटारींच्या बॅटऱ्या बनवणाऱ्या कारखान्यातल्या ११७ कामगारांवर चार आठवड्यांची चाचणी झाली आणि २०१२ साली ती प्रसिद्ध झाली. काही कामगारांना लसूण, काहींना पेनिसिलामाइन. रक्तातले शिसे दोन्ही गटांत जवळपास सारखे उतरले आणि लसणाच्या गटात त्रास कमी झाला. पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकयुक्त पाणी पिणाऱ्या लोकांना कोलकात्याच्या संशोधकांनी तीन महिने कर्क्युमिन दिले, सोबत ते शोषले जावे म्हणून मिरीतले पायपेरिन. पेशींतल्या डीएनएची हानी घटली. अशा चाचण्या आणखी मोठ्या, आणखी लांबच्या हव्यात.

हिरड्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. त्याचे टॅनिन इतके मोठे रेणू असतात की ते जसेच्या तसे रक्तात जात नाहीत. आतड्यातले जीवाणू त्यांचे तुकडे करून युरोलिथिन नावाची लहान रसायने बनवतात. ती शोषली जातात आणि दाह शमवणारा परिणाम बराचसा त्यांच्याकडे असावा. पण हे जीवाणू सगळ्यांच्या पोटात सारखे नसतात. त्यामुळे एकच मात्रा दोघांना दोन तऱ्हेने लागू पडते.

आणि तो काळा झालेला खिळा? जे टॅनिन शिसे धरते तेच ताटातले लोहही धरते. नाचणीची भाकरी आणि पालेभाजी यांतून मिळणारे तुटपुंजे लोह जेवणासोबत घेतलेल्या टॅनिनने आणखी कमी शोषले जाते. लोह कमी पडले की आतडे ते ओढून घेणारी प्रथिने वाढवते, आणि त्याच वाटेने शिसेही आत घुसते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत शिशाच्या संपर्कात आलेल्या मुलांना लोहाची कमतरता असल्यास लोह द्यायला सांगितले आहे. पंडुरोग असलेल्या बाईने किंवा मुलाने शिशावर उतारा म्हणून जेवणाबरोबर हिरड्याचे चूर्ण घेतले, तर फायद्याऐवजी तोटा होण्याची शक्यता खरी आहे.

त्यात पुन्हा औषधातच विष असण्याची भीती. २००८ साली अमेरिकी संशोधकांनी इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी केली. पाचातल्या एकात शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले, आणि रसौषधींत (धातू-खनिजे मुद्दाम घालून केलेल्या औषधांत) हे प्रमाण नुसत्या वनस्पतींच्या औषधांपेक्षा दुपटीहून जास्त होते. हळदीचे तर विचारूच नका. गाठी पिवळ्याधमक दिसाव्यात म्हणून काही ठिकाणी तिला लेड क्रोमेट चोळतात. भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंकेतल्या २३ शहरांतून घेतलेल्या ३५६ नमुन्यांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात १४ टक्के नमुन्यांत शिसे दर ग्रॅमला २ मायक्रोग्रॅमच्या वर होते, आणि पाटण्याचे नमुने सर्वांत वाईट. दाह शमवणारी म्हणून घेतलेली हळद अशा वेळी स्वतःच शिसे घेऊन येते.

हिरड्यातून एक दिवस प्रमाणित अर्क निघेल, त्याची मात्रा ठरेल आणि सक्सिमरच्या जोडीला तो दिला जाईल, हे अशक्य नाही. तसे झाले तर कच्चा माल किलोवर विकणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या माणसांना त्याचा भाव मिळेल की मधल्यांनाच, हे आत्ताच बोलायला हवे. आज मात्र जड धातूंच्या विषबाधेवर हिरडा हे औषध नाही.

युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसे दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे, त्यातली २७ कोटींहून जास्त भारतात. ५ मायक्रोग्रॅमला ते कुठून येते ते शोधून बंद करायचे आणि लहान मुलांत ४५ ला पोहोचले की धातू काढणारी औषधे द्यायची, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरात कोणी बॅटरी, रंग, धातूला डाग देणे (सोल्डरिंग) किंवा भंगार वितळवणे अशा कामावर असेल, तर त्याचे कामाचे कपडे वेगळे धुवा, घरी येण्याआधी हात-पाय धुवायला लावा आणि मुलांच्या रक्तातले शिसे तपासून घ्या. चूर्णाचा विचार त्यानंतर, आणि डॉक्टरांना विचारूनच.