तिकीट स्वस्त, पिशवी महाग!

चंद्रपूर-गडचिरोलीकरांना विमान पकडायचं तर बहुतेक वेळा आधी नागपूर गाठावं लागतं. चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे, पण तिथून नियमित प्रवासी विमानं उडत नाहीत. तर एसटीत बसल्या बसल्या वाचा: एवढ्या स्वस्तात तिकिटं विकून विमान कंपन्या कमावतात कशा?

उभं विमान म्हणजे तोटा. विमान उभं राहिलं तरी त्याचं भाडं चुकत नाही. अमेरिकेच्या साउथवेस्टने 1972 मध्ये पैशांच्या चणचणीत चारपैकी एक विमान विकलं आणि उरलेल्या तीन विमानांवरच चार विमानांचं वेळापत्रक रेटलं. युक्ती एकच: दहा मिनिटांत उतरवा, चढवा, उडवा!

घाऊक खरेदी. इंडिगोचं पहिलं उड्डाण 2006 चं. पण 100 विमानांची ऑर्डर त्याआधीच, 2005 मध्ये दिलेली. 2023 मध्ये तर एकदम 500! बहुतेक ताफा एकाच घराण्याचा, त्यामुळे पायलटचं प्रशिक्षण आणि सुटे भाग स्वस्तात पडतात.

वजनाची कंजुषी. वजन वाढलं की इंधन वाढतं. म्हणून 2013 मध्ये मुंबईच्या गोएअरने केबिन क्रूमध्ये यापुढे फक्त मुलीच घ्यायचं ठरवलं. कारण? त्यांचं वजन कमी! विमानातलं मासिकही आकाराने लहान केलं.

तांदळाचं गणित. पुण्याच्या लेकीसाठी नागभीडचा एचएमटी तांदूळ नेताय? देशांतर्गत साध्या तिकिटावर सहसा 15 किलो सामान चालतं. पिशवी 20 किलो भरली, तर वरच्या पाच किलोंचं भाडं त्या तांदळाच्या किमतीपेक्षा जास्त! खिडकीची सीट, उपमा यांचेही वेगळे पैसे. कमाई इथेही होते.

शेजारचं गोंदिया. तिथल्या बिरसी विमानतळाहून 2022 मध्ये ‘उडान’ योजनेतून फ्लायबिगची सेवा सुरू झाली आणि थोड्याच महिन्यांत बंद पडली. 1 डिसेंबर 2023 पासून इंडिगो आली, तीही छोटं एटीआर विमान घेऊन. कमी प्रवाशांच्या गावाला मोठं विमान परवडत नाही.

थेंबे थेंबे तळे साचे. 2023-24 मध्ये इंडिगोचा नफा 8,172 कोटी रुपये, प्रवासी 10 कोटींहून जास्त. म्हणजे माणशी आठशे रुपयेही सुटले नाहीत! एवढ्या पातळ नफ्यात जरा काही बिघडलं की संपलं: एअर डेक्कन विकली गेली, गोएअरने 2023 मध्ये गाशा गुंडाळला.

तेव्हा तिकिटाच्या आकड्यावर भाळू नका. नागपूरपर्यंतचं भाडं त्यात मिळवा आणि पिशवीचं वजन घरीच करून निघा.