घोड्याला खरचटलंय? आधी पाणी, मग मलम

लग्नसराई सुरू झाली की भिलाईत संध्याकाळी वरातीची घोडी सजून उभी दिसते. रुआबांधा असो की दुर्ग, थाट तोच. गळ्यात माळा, पाठीवर झालर, पुढे बँड. त्या झालरीखाली काय आहे, हे मात्र आपण कधी पाहत नाही. कुठे तंग रुतून कातडी सोलवटलेली असते, कुठे अंधारात दगड लागून पाय खरचटलेला असतो.

महाराष्ट्रातही हेच. माथेरानला खासगी मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढच्या लाल मातीच्या, चढउताराच्या वाटेवर घोडे दिवसभर माणसं वाहतात. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे लांबून ट्रकमधून आलेल्या घोड्याला फळीचा ओरखडा बसणं काही नवं नाही.

तुमच्याकडे घोडा असेल, नात्यात कुणाकडे असेल किंवा तुम्ही फक्त तासाभराची रपेट करणार असाल, तरी ही माहिती उपयोगी पडेल.

जखम किती मोठी, यापेक्षा कुठे आहे ते बघा

घोड्याच्या मांडीवर किंवा छातीवर खरचटलं तर ते बहुधा लवकर भरतं, कारण तिथे कातडीखाली भरपूर मांस आणि रक्तपुरवठा असतो. गुडघ्याखाली मात्र मांस जवळजवळ नसतंच. पातळ कातडीखाली लगेच हाड, सांधे आणि शिरा. त्यामुळे पायाची जखम हळू भरते. कधी कधी तिच्यातून लालभडक, दाणेदार मांस कातडीच्या वर वाढत येतं आणि जखम मिटतच नाही. बोटभर जखम सांध्याजवळ असेल, तर ती पाठीवरच्या हातभर ओरखड्यापेक्षा धोक्याची समजा.

घरच्या घरी काय कराल?

• आधी घोड्याला शांत करा. एकाने मोरखी धरावी, दुसऱ्याने जखम बघावी. दोघांनी एकाच बाजूला उभं राहावं. पायाशी मांडी घालून किंवा गुडघे टेकून बसू नका. उकिडवं बसा, म्हणजे पटकन बाजूला होता येईल. मुलांना लांब ठेवा.

• हात धुवा, हातमोजे घाला. रक्त येत असेल तर स्वच्छ सुती कापडाची घडी पाच-दहा मिनिटं दाबून धरा. सारखं उचलून बघू नका.

• मग पाणी. पाइपने थंड, स्वच्छ पाण्याची हलकी धार पाच-दहा मिनिटं सोडा. माती निघते, सूजही कमी होते. जोराचा फवारा नको, त्याने घाण आत जाते.

• शेवटी मिठाच्या पाण्याने धुवा. एक लिटर पाणी उकळून गार करा, त्यात साधारण ९ ग्रॅम, म्हणजे दीड ते दोन सपाट चहाचे चमचे मीठ घाला.

• जंतुनाशक हवंच असेल तर औषधाच्या दुकानातलं १० टक्के पोव्हिडोन आयोडीन घ्या आणि एक लिटर पाण्यात १० ते २० मिली मिसळा. रंग फिकट चहासारखा दिसायला हवा. घट्ट औषध ओतलं तर भरत येणारी नवी कातडीच जळते.

• साधं खरचटणं उघडंच ठेवा. माशा फार असतील तर माशा पळवणारं औषध जखमेच्या आजूबाजूला लावा, जखमेत नाही. पावसाळ्यात दिवसातून दोनदा बघा, कारण अळ्या पडायला वेळ लागत नाही.

• पायावर पट्टी बांधायची असेल तर आधी न चिकटणारा गॉज, त्यावर कापसाचा जाड थर आणि मग सगळीकडे सारख्या ताणाने क्रेप बँडेज. बारीक दोरीने किंवा चिंधीने आवळलेली पट्टी पायाच्या शिरांना इजा करते. पट्टी रोज सोडून जखम बघा.

हे मात्र नको

चुना, राख, शेण, रॉकेल, फिनाइल, गाडीचं जुनं ऑइल यातलं काहीही जखमेत घालू नका. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून जखम साफ झाल्यासारखी वाटते, पण त्याने चांगल्या पेशीही मरतात. आणि हळद? आपल्या स्वयंपाकघरात तिचा मान मोठा आहे, पण डब्यातली पूड निर्जंतुक नसते. जखमेवर तिचा थर बसला की खाली पू होतोय का, हेही कळत नाही.

धनुर्वात विसरू नका

धनुर्वाताचे जंतू माती आणि लिदीत असतात, आणि घोडा या रोगाला फार सहज बळी पडतो. खिळ्याएवढ्या छिद्रातूनही तो होऊ शकतो. लक्षणं बहुधा एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, तेव्हा जखम भरलेलीही असते. अंग ताठ होतं, जबडा उघडत नाही, डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरट पडदा वर येतो. या टप्प्यावर घोडा वाचवणं कठीण असतं. लस मात्र स्वस्त आणि भरवशाची आहे. पहिल्यांदा चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, नंतर दरवर्षी एक. जखम झाली आणि शेवटची लस आठवत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांना कधी बोलवायचं?

• रक्त दाबूनही थांबत नसेल
• जखमेच्या कडा फाकल्या असतील. टाके सहा-आठ तासांच्या आत पडले तर उत्तम
• जखम सांधा, डोळा किंवा खुराजवळ असेल किंवा टोकदार वस्तू घुसली असेल
• पिवळसर, चिकट पाणी येत असेल
• घोडा लंगडत असेल किंवा ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर असेल
• गाठी येऊन फुटत असतील, नाकातून घट्ट स्राव येत असेल. हा ग्लँडर्स असू शकतो आणि तो माणसालाही होतो. घोडा वेगळा बांधा, हात लावू नका.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. भिलाईकरांना दुर्गजवळचं अंजोऱ्याचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही जवळ आहे. तोवर घरातली माणसांची वेदनाशामक गोळी घोड्याला देऊ नका.

सगळ्यात महाग औषध

जीन किंवा तंग घासून झालेल्या जखमेवर कितीही भारी मलम लावा, दुसऱ्या दिवशी तेच जीन चढवलं तर ती पुन्हा सोलवटणार. इथे खरं औषध एकच, सुट्टी. त्यासोबत जिनाखालची गादी बदलायची, तंग धुऊन मऊ ठेवायचा. रोजच्या कमाईवर घर चालवणाऱ्या घोडेवाल्याला ही सुट्टी जड जाते, हे खरं. पण चार दिवस थांबला नाही, तर पुढे महिनाभर थांबावं लागतं. शिवाय जखमेमुळे कामाला अयोग्य असलेल्या जनावराला कामाला लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

इथे तुमचीही मदत होऊ शकते. वरातीची घोडी ठरवताना किंवा माथेरानला रिकिबीत पाय ठेवण्याआधी झालर जरा वर करून बघायला सांगा. पाठ, तंगाची जागा, चारही पाय. जखम दिसली तर दुसरा घोडा मागा. जमलं तर त्याच मालकाकडचा मागा, म्हणजे त्याची कमाई बुडणार नाही आणि जखमी घोड्यालाही विश्रांती मिळेल.