फाइलवरचा करार आणि बांधावरचं रीडिंग

तुमच्या कॉलेजनं गेल्या वर्षभरात कुणाकुणाशी एमओयू केले, पटकन सांगता येईल? मला तरी माझ्या कॉलेजचं सांगता आलं नसतं. फोटो मात्र लख्ख आठवतो. मागं फ्लेक्स, टेबलावर पुष्पगुच्छ, दोन मोठी माणसं एकमेकांच्या हातात फाइल देतायत आणि मागच्या रांगेत आपण टाळ्या वाजवतोय. त्या फाइलचं पुढं काय झालं, हे आपण कधी विचारलं नाही.

हाच प्रश्न डोक्यात घेऊन मी कळंबला गेले. इंदापूर तालुक्यातलं कळंब. बारामतीहून भवानीनगर, मग जंक्शन, वालचंदनगर, आणि त्याला लागूनच हे गाव. शेजारच्या वालचंदनगरच्या कारखान्यात साखर कारखान्यांची यंत्रं बनतात, तशीच इस्रोच्या रॉकेटची मोटार-आवरणंही बनतात. बाकी नजर जाईल तिथं ऊस. मैत्रिणीच्या काकांना विचारलं, "जात कोणती?" ते म्हणाले, "८६०३२. दुसरी कोणती असणार?"

तुम्ही ऊसपट्ट्यातले असाल तर हा आकडा लहानपणापासून ऐकलाय. पण त्याचं पूर्ण नाव 'को ८६०३२' असं आहे. 'को' म्हणजे कोइमतूर. तिथं १९१२ पासून ऊस पैदास केंद्र आहे, कारण तिथल्या हवामानात उसाला चांगला तुरा येतो, बी धरतं आणि दोन जातींचा संकर करता येतो. ८६ म्हणजे १९८६ साल. पण कोइमतूरला चांगला दिसलेला ऊस नीरेच्या खोऱ्यात चालेलच, असं कुणी सांगावं? ते तपासण्याचं काम पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं केलं. हे केंद्र १९३२ चं, आज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. १९९६ मध्ये ही जात महाराष्ट्रासाठी 'नीरा' या नावानं प्रसारित झाली. नंबर मिळाल्यापासून शेतकऱ्याच्या हातात यायला दहा वर्षं लागली. तिथून पुढची जात 'को एम ०२६५', म्हणजे आपली फुले २६५. यातला 'एम' महाराष्ट्राचा. दोन संस्थांची भागीदारी थेट नावातच आहे, आणि आपण ती रोज ट्रॅक्टरच्या मागं लादलेली बघतो.

त्या दहा वर्षांत काय चाललं असेल? ओळी मोजणं, फुटवे मोजणं, उसाची जाडी घेणं, रसाची तपासणी. कुणीतरी रोज वहीत खरा आकडा लिहीत होतं.

आता आजच्या गोष्टीकडे या. २०२४ च्या जानेवारीत बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं ऑक्सफर्ड विद्यापीठातले तज्ज्ञ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सोबतीनं उसात एआय वापरण्याचा प्रकल्प लोकांसमोर आणला. २०२५ च्या सुरुवातीला खुद्द सत्या नडेलांनी बारामतीच्या शेतकऱ्यांचं उदाहरण दिलं, त्यावर इलॉन मस्क यांनी प्रतिक्रिया दिली आणि आपल्या सगळ्यांच्या फोनवर ते रील येऊन गेलं. रील बघून झालं, आता आतलं यंत्र बघू.

जमिनीत पुरलेला सेन्सर ओलावा सांगतो, पण फक्त त्या एका जागेचा. उपग्रह सगळं रान बघतो, पण लांबून. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रात एक ठिपका म्हणजे दहा बाय दहा मीटर, म्हणजे आपला साधारण एक गुंठा. दर पाच दिवसांनी तोच पट्टा पुन्हा टिपला जातो, पण ऐन पावसाळ्यात मध्ये ढग. मग सेन्सर, हवामान केंद्र आणि चित्रं एकत्र करून मधल्या जागा भरायचं काम मॉडेल करतं. आणि मॉडेलचा अंदाज बरोबर आहे की चूक, हे ठरतं कुणीतरी शेतात जाऊन प्रत्यक्ष मोजल्यावर.

इथं तुमचा नंबर लागतो. कालव्याच्या पाण्यानं या भागात ऊस आणला, आणि वर्षानुवर्षं जास्त पाणी दिल्यानं काही रानं क्षारपडही केली. ओलावा मोजणारे बरेच स्वस्त सेन्सर मातीचे विद्युत गुणधर्म मोजतात. मातीत क्षार जास्त असले की त्यांचं रीडिंग चुकू शकतं. काळी माती वाळली की भेगा पडतात, सेन्सर आणि माती यांच्यात हवा शिरते, रीडिंग पुन्हा चुकतं. कोणत्या रानाच्या खालच्या अंगाला पांढरं फुटतं, हे परदेशातल्या प्राध्यापकाला स्क्रीनवरून सहजी कळत नाही. ते तुमच्या चुलत्याला माहीत असतं. ही माहिती नीट मोजून, तारीख घालून लिहिली की ती डेटा होते. मोठ्या विद्यापीठाकडे नसलेली आणि तुमच्याकडे असलेली गोष्ट ती हीच.

ऊर्जेचंही तसंच आहे. नीरा ओलांडली की फलटण. तिथं १९६८ मध्ये बनबिहारी निंबकरांनी निंबकर कृषी संशोधन संस्था सुरू केली. आयआयटी कानपूरला शिकून अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात डॉक्टरेट केलेले अनिल राजवंशी १९८१ मध्ये तिथं आले. गोड ज्वारीपासून इथेनॉल, सौर उष्णतेवर त्याचं ऊर्ध्वपातन, उसाच्या पाचटावर चालणारा गॅसिफायर, असं काम या तालुक्याच्या गावी झालं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पाचटाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट निघतं आणि अजूनही बरंच पेटवलं जातं. मातीवाला म्हणतो, कुट्टी करून रानातच ठेवा, ओल टिकते. ऊर्जावाला म्हणतो, मला द्या, गॅस करतो. किती ठेवायचं, किती उचलायचं, गोळा करायला मजूर किती, वाहतुकीला डिझेल किती? एवढ्या एका प्रश्नाला कृषीचा, इंजिनिअरिंगचा आणि कॉमर्सचा असे तीन विद्यार्थी लागतात. संयुक्त संशोधन म्हणतात ते हेच, आणि त्याला लंडनचं तिकीट लागत नाही.

आता एक कबुली. डिग्रीच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला पन्नास घरांचा सर्व्हे होता. अठरा घरं झाली आणि ऊन लागायला लागलं. उरलेले बत्तीस फॉर्म आम्ही तिघींनी होस्टेलच्या खोलीत, वेगवेगळ्या पेनांनी भरले. मार्क चांगले मिळाले. कळंबच्या बांधावर उभी असताना मला पहिल्यांदा त्याची लाज वाटली. पाडेगावच्या त्या वहीत कुणी असे बत्तीस आकडे बसल्या जागी भरले असते, तर काकांच्या रानात आज कोणता ऊस असता?

नव्या अभ्यासक्रमात आता आपल्याला फील्ड प्रोजेक्ट आहे, ओजेटी आहे. क्रेडिट तर घ्यायचेच आहेत, मग ते खऱ्या कामावर घ्या. बारामतीतच कृषी विज्ञान केंद्र आहे. माळेगावला आयसीएआरची अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, दुष्काळ आणि क्षार हाच तिचा विषय. विद्यापीठांची 'आविष्कार' स्पर्धा आहे. कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घ्या आणि विचारा, नाही म्हणाले तर पुढचं दार वाजवा.

आणि पुढच्या वेळी हॉलमध्ये टाळ्या वाजवायला बसवलं, तर शेवटी हात वर करून तीन प्रश्न विचारा. या करारात विद्यार्थ्यांना नेमकं काय काम आहे? जमा होणारा डेटा कुणाचा, आणि ज्याच्या रानातून घेतला त्या शेतकऱ्याला तो बघायला मिळणार का? रिपोर्टमध्ये मोजणाऱ्याचं नाव येणार का? उत्पादन इतकं टक्के वाढलं असं कुणी सांगितलं, तर चौथाही विचारा: कशाच्या तुलनेत? शेजारी जुन्या पद्धतीचा प्लॉट होता का?

निघताना काकांना म्हटलं, पाचट किती निघतं ते मोजायला पुन्हा येऊ का? ते हसले. म्हणाले, "तोडणीच्या टायमाला ये. पर येताना काटा घिऊन ये, अंदाजानं लिहू नको."

तारीख मी वहीत लिहून ठेवलीये. सोबत मैत्रीण येणार आहे. इंजिनिअरिंगवाला कुणी असेल तर एक जागा अजून रिकामी आहे.