विश्लेषण : दिवाळीतली मदत गरजूंपर्यंत पोहोचते का? दान देण्यापूर्वी काय तपासावे?

वसुबारसेच्या आठ-दहा दिवस आधीपासूनच मोबाइलवर मदतीची आवाहने येऊ लागतात. एखादा गट आदिवासी पाड्यावर फराळ घेऊन जाणार असतो, सोसायटीतील महिला मंडळ जुने कपडे गोळा करत असते, तर एखाद्या संदेशात आजारी मुलाचे छायाचित्र आणि खाली क्यूआर कोड असतो. देणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. तरीही सण संपल्यावर अनेक स्थानिक संस्थांच्या हाती मिठाईचे रिकामे खोके उरतात आणि वीजबिल, औषधे, शिक्षकांचे मानधन यांची चिंता कायम राहते. असे का होते, कोणती मदत खऱ्या अर्थाने उपयोगी पडते आणि पैसे देण्यापूर्वी काय पाहावे, याचा हा आढावा.

सणासुदीतच दानाचा ओघ का वाढतो?

पहिले कारण व्यावहारिक आहे. याच काळात हातात पैसा असतो. बोनस हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यावा, अशी कायद्यात तरतूद आहे. मार्चअखेर वर्ष संपत असल्याने ही मुदत नोव्हेंबरअखेरपर्यंत जाते आणि प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी बोनस दिवाळीपूर्वी दिला जातो. ग्रामीण भागात याच सुमारास खरिपाचे पीक घरी येते.

दुसरे कारण परंपरेचे. पितृपक्षात पूर्वजांच्या नावाने अन्नदान होते, रमजानमध्ये जकात दिली जाते, नाताळात चर्चच्या वतीने गरजूंना मदत पोहोचवली जाते. महाराष्ट्रात या भावनेला संस्थात्मक रूपही मिळाले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये सुरू केलेल्या कामातून उभ्या राहिलेल्या पुण्याच्या स्त्री शिक्षण संस्थेचा ‘भाऊबीज निधी’ हे त्याचे ठळक उदाहरण. बहिणीला ओवाळणी घालतो तशीच समाजातील गरजू मुलींच्या शिक्षणासाठीही ओवाळणी घालावी, ही त्यामागची कल्पना. पुण्यातच ‘देणे समाजाचे’ या उपक्रमात पितृपक्षाच्या काळात सामाजिक संस्था एका छताखाली येतात आणि आपले काम लोकांना समजावून सांगतात. ‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम २०११ पासून गणेशोत्सवात संस्थांची ओळख करून देतो. २००९ मध्ये सुरू झालेला ‘दान उत्सव’ देशपातळीवर २ ते ८ ऑक्टोबर या काळात साजरा होतो.

मग अडचण नेमकी कुठे येते?

मदत येते ती एकाच वेळी, एकाच प्रकारची आणि ठरावीक ठिकाणीच. शहरालगतच्या, गाडीने सहज पोहोचता येईल अशा बालगृहात किंवा वृद्धाश्रमात दिवाळीच्या आठवड्यात दिवसाला तीन-तीन गट येतात. आडवाटेच्या वसतिगृहाकडे कुणी फिरकत नाही.

समजा, एका बालगृहात ४० मुले आहेत. दिवाळीत तिथे लाडू-चिवड्याचे ढीग लागतात. मात्र संस्थेची खरी ओढाताण होते ती जूनमध्ये. तेव्हा शाळा सुरू होतात, वह्या, गणवेश, दप्तरे लागतात आणि त्याच सुमारास पावसाआधी छपराची डागडुजीही करायची असते. एप्रिल-मेमध्ये पाण्याचे टँकर मागवावे लागतात. या महिन्यांत दानपेटी जवळजवळ रिकामी असते.

हंगामाचा हा मेळ ऊसतोड कामगारांच्या मुलांबाबतही चुकतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या परिसरात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. आईवडिलांसोबत गेलेल्या मुलांची शाळा बुडते. त्यांच्यासाठी गावातील हंगामी वसतिगृह किंवा कारखान्याजवळची साखरशाळा चालवायची, तर खर्च सलग पाच-सहा महिने येतो. दिवाळीतील एका दिवसाच्या फराळवाटपाने तो भागत नाही.

वस्तू द्याव्यात की पैसे?

सरसकट एक उत्तर नाही, पण क्रम ठरवता येतो. आधी संस्थेला फोन करून ‘सध्या कशाची गरज आहे’ हे विचारावे आणि मग ठरवावे. अनेकदा उत्तर अगदी साधे असते : तूरडाळ, तेल, सॅनिटरी पॅड, ज्येष्ठांसाठी डायपर, रक्तदाबाच्या गोळ्या, वॉशिंग मशीनची दुरुस्ती. यापैकी काहीही भेट म्हणून आकर्षक दिसत नाही, म्हणूनच ते कुणी देत नाही.

पैशांचा फायदा असा, की संस्था गरजेप्रमाणे तो वापरू शकते. घाऊक बाजारातून धान्य घेतल्यास त्याच रकमेत अधिक माल येतो. मात्र बहुतेक देणगीदारांना ‘माझा पैसा थेट मुलांवरच खर्च व्हावा, पगारावर नको’ असे वाटते. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बालगृहातील काळजीवाहू मावशी, विशेष मुलांच्या शाळेतील फिजिओथेरपिस्ट किंवा रुग्णवाहिकेचा चालक हीच त्या संस्थेची सेवा असते. त्यांचा पगार थांबला की सेवाच थांबते.

अन्न देताना अधिक काळजी घ्यावी. समारंभात उरलेले अन्न कसे साठवावे व वाटावे, यासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०१९ चे नियम आहेत. घरगुती पातळीवर एवढे पाळले तरी पुरे : अन्न ताजे असावे, ते कधी केले हे सांगावे आणि संस्थेला आधी कळवावे. खव्याची मिठाई लवकर खराब होते. त्यापेक्षा चिक्की, राजगिरा लाडू, सुका मेवा टिकाऊ.

जुन्या कपड्यांबाबत कसोटी सोपी आहे. हा कपडा आपण आपल्या नातेवाइकाला देऊ का? उत्तर ‘नाही’ असेल तर तो दान म्हणून देऊ नये. फाटके, न धुतलेले कपडे वेगळे काढून त्यांची विल्हेवाट लावण्याचा खर्च शेवटी संस्थेवरच पडतो.

मुलांसोबत छायाचित्र काढले तर काय बिघडले?

बालगृहात वाढदिवस साजरा करून छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकण्याची पद्धत रूढ झाली आहे. मात्र काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड होईल असे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मनाई आहे. उल्लंघन केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कायद्यापलीकडेही प्रश्न उरतोच. आज दहा वर्षांचा असलेला मुलगा उद्या महाविद्यालयात जाईल. हातात लाडूचा पुडा घेतलेले त्याचे छायाचित्र तेव्हाही कुणाच्या तरी खात्यावर असेल. मदतीची नोंद ठेवायचीच असेल तर साहित्याचे किंवा पावतीचे छायाचित्र पुरेसे आहे.

संस्था खरी आहे हे कसे ओळखावे?

महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यास ‘महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०’ खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवले जातात. त्यामुळे पहिला प्रश्न नोंदणी क्रमांकाचा. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत संस्थांची माहिती शोधता येते. नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ संकेतस्थळावरही अनेक संस्थांची नोंद असते. नोंदणी म्हणजे कामाच्या दर्जाची हमी नव्हे, पण तिथून तपासाला सुरुवात होते.

यानंतर तीन गोष्टी विचाराव्यात. गेल्या वर्षीचा लेखापरीक्षित हिशेब दाखवता येईल का? पावती कोणाच्या नावाने मिळेल? आणि प्रत्यक्ष काम पाहायला येता येईल का? चांगल्या संस्था या प्रश्नांनी नाराज होत नाहीत.

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर खातेदाराचे नाव दिसते. तिथे संस्थेऐवजी भलत्याच व्यक्तीचे नाव दिसले तर थांबावे. ‘एका तासात शस्त्रक्रिया आहे’ अशी घाई करणारे, रुग्णालयाचे नाव नसलेले, महिनोन्‌महिने फिरणारे संदेश पुढे पाठवू नयेत. रुग्णालयाचे नाव असेल तर तिथल्या समाजसेवा विभागात चौकशी करून पैसे थेट रुग्णाच्या रुग्णालयातील खात्यात भरता येतील का, हे विचारावे. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तातडीने कळवावे. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक.

दारावर वर्गणी मागायला येणाऱ्यांचे काय?

न्यास म्हणून नोंदणी नसलेल्या मंडळांनाही धार्मिक किंवा धर्मादाय कारणासाठी वर्गणी गोळा करताना धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळे याच कायद्याच्या कलम ४१ क नुसार ती घेतात आणि उत्सवानंतर हिशेब सादर करणे त्यांच्यावर बंधनकारक असते. त्यामुळे परवानगीपत्र पाहायला मागणे हा उद्धटपणा नाही. वर्गणी ऐच्छिक असते. तिची सक्ती झाल्यास पोलिसांकडे तक्रार करता येते.

याची दुसरी बाजूही आहे. अनेक मंडळे वर्गणीतून रक्तदान शिबिरे, अभ्यासिका, रुग्णवाहिका असे उपक्रम चालवतात. करोनाकाळात, २०२० मध्ये मुंबईच्या ‘लालबागचा राजा’ मंडळाने मूर्तीची प्रतिष्ठापना न करता रक्त व प्लाझ्मादानाचा ‘आरोग्योत्सव’ घेतला होता. आपल्या गल्लीतील मंडळाने यंदा सजावटीतून वाचवलेली रक्कम कुठे द्यावी, ही सूचना वर्गणीदारही करू शकतो.

करसवलत कुणाला आणि किती?

सवलत ‘८०जी’ या नावाने ओळखली जाते. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीची निवड केलेल्यांनाच ती मिळते, नव्या प्रणालीत नाही. बहुतेक स्थानिक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या ५० टक्के रक्कम उत्पन्नातून वजा होते आणि त्यालाही एकूण उत्पन्नाशी निगडित मर्यादा आहे. उदाहरणार्थ, १० हजार रुपये दिले तर ५ हजार रुपये उत्पन्नातून वजा होतील. २० टक्के कर लागू असलेल्याचा उपकर वगळता १ हजार रुपये कर वाचेल.

२ हजार रुपयांपेक्षा अधिक देणगी रोखीने दिल्यास सवलत मिळत नाही. धान्य, कपडे, फराळ अशा वस्तुरूप दानालाही ती नाही. साध्या पावतीवर न थांबता संस्थेकडून देणगीचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १०बीई, मागून घ्यावे. त्यासाठी संस्थेला आपला पॅन क्रमांक द्यावा लागतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा प्राप्तिकर कायदा, २०२५ घेत असून त्यात कलमांची मांडणी नव्याने केली आहे. त्यामुळे त्यानंतरच्या देणगीसाठी लागू असलेले कलम आणि फॉर्म आपल्या कर सल्लागाराकडून तपासून घ्यावेत.

परदेशातील मराठी मंडळींना देणगी देता येते का?

येते, पण इथे नागरिकत्व महत्त्वाचे ठरते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम ‘विदेशी देणगी’ मानली जात नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेल्यांची, अगदी ‘ओसीआय’ कार्डधारकांचीही देणगी मात्र विदेशी ठरते. ती घेण्यासाठी संस्थेकडे परकीय योगदान नियमन कायद्याखालील नोंदणी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरलेल्या खात्यातच यायला हवी. गावच्या छोट्या संस्थांकडे सहसा ही नोंदणी नसते. त्यामुळे पैसे पाठवण्याआधीच विचारणा करावी, अन्यथा अडचणीत संस्था येते.

पैसे नसतील तर काय देता येईल?

सुटीच्या काळात महाविद्यालये आणि कार्यालये बंद असल्याने रक्तदान शिबिरे कमी होतात आणि दिवाळीच्या सुमारास रक्तपेढ्यांमधील साठा घटतो. रक्त साठवूनही फार दिवस टिकत नाही. सर्वसाधारणपणे ३५ ते ४२ दिवस, तर प्लेटलेट्स अवघे पाच दिवस. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र सण असो वा नसो, ठरावीक दिवसांनी रक्त लागतेच. १८ ते ६५ वयोगटातील, किमान ४५ किलो वजनाची निरोगी व्यक्ती रक्तदान करू शकते. पुरुषांनी तीन, तर महिलांनी चार महिन्यांचे अंतर ठेवावे.

वेळही देता येतो. संस्थेचे हिशेब संगणकावर घालून देणे, दहावीच्या मुलांना आठवड्यातून एकदा गणित शिकवणे, वृद्धाश्रमातील आजोबांना डोळ्यांच्या तपासणीसाठी नेणे ही कामे पैशांनी सहज होत नाहीत.

यंदा काय वेगळे करता येईल?

दिवाळीत एकदम ६ हजार रुपये देण्याऐवजी दरमहा ५०० रुपयांची सूचना बँकेला दिली तर रक्कम तेवढीच राहते, पण संस्थेला वर्षभराचा अंदाज बांधता येतो. सोसायटीने किंवा कार्यालयाने मिळून आपल्या भागातील एकच संस्था निवडून तिचा एखादा ठरलेला खर्च, जसे की वर्षाचे वीजबिल किंवा जूनमधील वह्या, उचलावा. १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला तो लोकांकडून एकेक पैसा गोळा करणाऱ्या ‘पैसा फंडा’तून. रक्कम लहान असली तरी ती सातत्याने आणि एका ठरलेल्या कामासाठी आली, तर काय होऊ शकते याचा तो पुरावा आहे. फराळाचा डबा जरूर न्यावा. निघताना मात्र संस्थेला ‘जूनमध्ये काय लागेल?’ एवढे विचारून ते मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये नोंदवून ठेवावे.