मोठ्या विदासंचिकांची आयात

मोठ्या विदासंचिकांची आयात म्हणजे आशय व्यवस्थापन प्रणालीत हजारो नोंदी असलेली संचिका एकत्रितपणे दाखल करण्याची प्रक्रिया होय.

मर्यादा
मीडियाविकी, वर्डप्रेस व द्रुपल या प्रणाली पीएचपी भाषेत लिहिलेल्या आहेत. पीएचपीच्या मूळ मांडणीत ब्राउझरमधून चढवायच्या संचिकेला २ मेगाबाइटची, तर आज्ञावली चालण्यास ३० सेकंदांची मर्यादा असते. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापत असल्याने मराठी संचिका ही मर्यादा लवकर ओलांडते.

पद्धत
अशी संचिका तुकड्यांत विभागतात किंवा सर्व्हरवर थेट आदेश देऊन दाखल करतात. तेथे या दोन्ही मर्यादा लागू नसतात. तुकडे नोंदीच्या सीमेवरच पाडावे लागतात. केवळ बाइट मोजून पाडल्यास अक्षर मधोमध तुटू शकते.

ओळखक्रमांक
अर्धवट थांबलेली आयात पुन्हा सुरू करताना नोंदी दुबार होऊ नयेत, यासाठी प्रत्येक नोंदीला स्थिर क्रमांक आवश्यक असतो. उदाहरणार्थ, महाराष्ट्रातील १४ तालुक्यांच्या अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. २०११ च्या जनगणनेची विदा नावावरून जुळवल्यास एकाच जिल्ह्याच्या दोन नोंदी होतात आणि गावे दोहोंत विभागली जातात. त्या जनगणनेतील ५२२ हा जिल्हा सांकेतांक वापरल्यास मूळ नोंदच अद्ययावत होते.